वळिवड्याचे पोल आणि आपल्या वंशावळी

‘पोल्स इन इंडिया १९४२–१९४८’ हा ग्रंथ पोलिश निर्वासितांनीच कागदपत्रे व आठवणी यांच्या आधारे सिद्ध केला आहे. सोव्हिएट रशियाने १९४०-४१ साली हद्दपार केलेल्या कुटुंबांतील सुमारे ५००० माणसे पुढे कोल्हापूरनजीक वळिवड्यास राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेच. पुरुष सैन्यात गेलेले वा निधन पावलेले. साहजिकच तेथील कुळाचा धागा आईच्या स्मरणातून लागतो. छावणीच्या यादीवरून माणूस कोठे होता ते कळते. तो कोणाचा कोण, हे आठवणींवरूनच उमगते. ग्रंथाचे खरे मोल या आठवणींत आहे. आमच्या भंडाऱ्याकडील वंशावळींत लेकी-सुनांची नावे बहुधा गळालेली असतात. हा ग्रंथ वाचून ती कोणी लिहून ठेवील, तर वाचन सार्थकी लागले असे समजावे.