मन खंबीर, म्हणून आयुष्य जास्त? एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी



मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने त्याचा सिनॉप्सिस वाचायला दिला. विषय भावना आणि रोगप्रतिकारशक्ती. पहिल्याच पानावर वाक्य होतं, 'सकारात्मक मानसिकतेमुळे कॅन्सर रुग्णांचं आयुष्य दुप्पट होतं, हे १९८९ मध्ये सिद्ध झालं आहे.'

मी तिथेच थांबले. माझ्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर होता. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, मन खंबीर ठेव, अर्धा आजार मनाचाच असतो. शेवटच्या महिन्यात तिने माझ्या आईला विचारलं, "ताई, माझंच मन कमी पडलं का गं?" त्यामुळे हे वाक्य मला फक्त सिनॉप्सिसमधली चूक वाटत नाही. मूळ पेपर काय म्हणतो ते आज आपण नीट बघू.

पेपरमध्ये नेमकं काय आहे?

डेव्हिड स्पीगल आणि सहकाऱ्यांचा हा पेपर 'लॅन्सेट'मध्ये १९८९ साली आला. ब्रेस्ट कॅन्सर शरीरात इतरत्र पसरलेल्या ८६ स्त्रिया. त्यातल्या ५० जणींना नेहमीच्या उपचारांसोबत वर्षभर दर आठवड्याला ग्रुप थेरपी आणि वेदना कमी करण्यासाठी स्वसंमोहन शिकवलं. उरलेल्या ३६ जणींना फक्त नेहमीचे उपचार. थेरपी गटाचं सरासरी आयुष्य ३६.६ महिने भरलं, कंट्रोल गटाचं १८.९ महिने. जवळपास दुप्पट!

आता पहिली गोष्ट लक्षात घ्या. त्या ग्रुपमध्ये कुणालाही 'पॉझिटिव्ह विचार करा' असं शिकवलं जात नव्हतं. उलट मरणाची भीती, राग, घरच्यांची काळजी हे सगळं मोकळेपणाने बोलायला जागा दिली होती. म्हणजे ज्युनिअरच्या वाक्यातला 'सकारात्मक मानसिकता' हा शब्दच पेपरमधला नाही. ॲबस्ट्रॅक्टसुद्धा न वाचता कुठल्या तरी भाषणातून उचललेलं वाक्य असं पकडलं जातं.

पेपर कुठे कच्चा आहे?

एक, अभ्यास सुरू झाला तो मनःस्थिती आणि वेदना मोजायला. आयुष्य किती वाढलं हा मूळ प्रश्नच नव्हता, तो नंतर तपासला गेला. असा निष्कर्ष पुढच्या अभ्यासाचं गृहीतक म्हणून चांगला, पुरावा म्हणून कमजोर.

दोन, सरासरीशेजारचा आकडा बघा. थेरपी गटाचं प्रमाण विचलन ३७.६ महिने आहे, म्हणजे सरासरीपेक्षाही जास्त. कंट्रोल गटाचं १०.८. याचा अर्थ थेरपी गटातल्या थोड्या जणी खूप जास्त जगल्या आणि त्यांनी सरासरी वर ओढली. सगळ्यांनाच दीड-दोन वर्षं जास्त मिळाली असं यातून निघत नाही. अशा वेळी मध्यक काय आहे हे विचारायलाच हवं.

तीन, बर्नार्ड फॉक्स या संशोधकाने नंतर दाखवलं की कंट्रोल गटातल्या स्त्रिया त्याच भागातल्या तशाच इतर रुग्णांच्या मानाने लवकर गेल्या होत्या. मग फरक थेरपीने पडला, की कंट्रोल गटच नशिबाने जास्त आजारी निघाला? ३६ जणींच्या गटात असं सहज होऊ शकतं. चिठ्ठ्या टाकून गट पाडले तरी लहान नमुन्यात पारडं एका बाजूला झुकतं.

मग पुढे काय झालं?

२००१ मध्ये कॅनडात पामेला गुडविन यांच्या टीमने २३५ स्त्रियांवर तीच थेरपी वापरून चाचणी केली. मध्यक आयुष्य थेरपी गटात १७.९ महिने, कंट्रोल गटात १७.६. फरक नाहीच. २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांनी १२५ स्त्रियांवर प्रयोग परत केला. एकूण आयुष्यात फरक दिसला नाही, आणि त्यांनी तसं छापलं. एका लहान उपगटात फायदा दिसला, पण उपगट पाडत गेलं की कुठे ना कुठे काहीतरी सापडतंच, हे विसरू नका. आपलाच गाजलेला निष्कर्ष पुन्हा तपासून तो टिकला नाही असं सांगायला हिंमत लागते. मला तर या सगळ्या प्रकरणात हा २००७ चा पेपर सर्वात शिकण्यासारखा वाटतो.

आणि एक गोष्ट अर्धवट वाचणारे नेहमी सोडून देतात. गुडविनच्या चाचणीत थेरपी घेतलेल्यांचा मानसिक त्रास आणि वेदना कमी झाल्या, विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त त्रासात होत्या त्यांच्या. आयुष्य वाढलं नाही, पण दिवस सुसह्य झाले. हा फायदा छोटा आहे का? माझ्या मावशीला असं बोलायला एक ग्रुप मिळाला असता तर मला खूप बरं वाटलं असतं.

म्हणजे मनाचा आणि इम्युनिटीचा संबंधच नाही?

असं म्हणायची घाई करू नका. शेल्डन कोहेन यांचा १९९१ चा अभ्यास घ्या. इंग्लंडमध्ये ३९४ निरोगी स्वयंसेवकांचा ताण आधी मोजला, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले आणि त्यांना वेगळं ठेवलं. कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांना सर्दी झाली, सर्वात जास्त ताण असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के. वय, ऋतू, सिगारेट, झोप, आधीच्या अँटिबॉडी हे सगळं हिशोबात धरूनही संबंध टिकला.

हा अभ्यास जास्त पक्का का? कारण ताण आधी मोजला आणि विषाणू सगळ्यांना ठरवून दिला. तरी ताण कुणी चिठ्ठ्या टाकून वाटला नव्हता, त्यामुळे 'ताणामुळेच' म्हणताना जपून. यामागची यंत्रणाही पटण्यासारखी आहे. ताण लांबला की पेशी कॉर्टिसोलला दाद देईनाशा होतात आणि सूज आटोक्यात राहत नाही.

पण सर्दी आणि पसरलेला कॅन्सर यांत किती अंतर आहे बघा. एका ठिकाणचा पुरावा दुसऱ्या ठिकाणी चिकटवणं ही या विषयातली सर्वात मोठी खोड आहे.

ज्युनिअरचं वाक्य आम्ही असं बदललं: 'दीर्घकाळच्या ताणाचा सर्दीसारख्या संसर्गाशी संबंध दिसतो. ग्रुप थेरपीने कॅन्सर रुग्णांचा मानसिक त्रास कमी होतो, पण आयुष्य वाढतं याला नंतरच्या मोठ्या चाचण्यांत आधार मिळालेला नाही.' वाक्य लांबलं, जोर कमी झाला. पण व्हायवाला कुणी काहीही विचारलं तरी त्याला आता उत्तर देता येईल.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'सिद्ध झालं आहे' किती वेळा आलंय ते आजच मोजा. प्रत्येक ठिकाणी मूळ पेपर उघडा आणि त्याच्यानंतर त्याचं काय झालं तेही शोधा.