ब्लॅक फॉरेस्टचे घड्याळ: आकार टिकला, कसब किती?

कुकू घड्याळ म्हटले की डोळ्यांपुढे येते ते उतरत्या छपराचे लाकडी घरकुल, भोवती कोरलेली द्राक्षवेल, खाली लोंबणारी पाइनच्या फळांसारखी वजने आणि दर तासाला दार उघडून ओरडणारा पक्षी. नैर्ऋत्य जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये, विशेषतः ट्रिबर्गच्या दुकानांत, अशा घड्याळांनी भिंतीच्या भिंती भरलेल्या असतात. तिथल्या शेतकऱ्याच्या पिढीजात घराचीच ही प्रतिकृती असावी, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो आकार रेल्वेच्या चौकीदाराच्या घराचा आहे आणि १८५० नंतरचा आहे. या कलेची आजची स्थिती जोखायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

त्याआधी जवळपास दोनशे वर्षे या डोंगरांत घड्याळे बनत होती. हिवाळा लांब, शेती उंचावरची आणि बेताची. शेताचे तुकडे न पाडता ते एकाच मुलाकडे, बहुतेकदा धाकट्याकडे, देण्याची तिथली रीत. बाकीच्या भावंडांना पोटासाठी दुसरी वाट शोधावी लागे. लाकूड मात्र हवे तेवढे होते. म्हणून सुरुवातीच्या घड्याळांत दातेरी चक्रेही लाकडाचीच, लंबकाच्या जागी आडवी झुलणारी दांडी, वजनाला दगड आणि काटा एकच, तासाचा. १७४०च्या सुमारास लंबक आला, पुढे पितळी चक्रे आली. औग्सबर्गचे घड्याळजी दरबारांसाठी झगमगीत यंत्रे घडवत. ब्लॅक फॉरेस्टच्या कारागिराचे गिऱ्हाईक होते साधा संसारी माणूस. स्वस्त, टिकाऊ आणि घरी दुरुस्त होईल असे घड्याळ देणे हाच त्याचा धर्म होता, आणि त्यासाठी काहीही बदलायची त्याची तयारी असे.

या काळातली सर्वांत सुंदर निर्मिती माझ्या मते कुकू घड्याळ नव्हेच. ती आहे रंगवलेल्या लाकडी तबकडीचे घड्याळ. चौकोनी फळी, वर अर्धगोल कमान. फळीवर खडू आणि सरसाचे अस्तर द्यायचे, ते घासून गुळगुळीत करायचे, पांढरा रंग चढवायचा, मग कमानीत आणि चारी कोपऱ्यांत फुले काढायची आणि शेवटी लॅकरचा हात फिरवायचा. जवळून पाहिले तर गुलाबाची एकेक पाकळी कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्यात उतरलेली दिसते. खाडाखोड नाही, कारण तेवढी सवडच नव्हती. दिवसभरात अशा कितीतरी पाट्या पुऱ्या करणाऱ्या हाताची ती सफाई आहे. चौकटी करणारा वेगळा, पितळ ओतणारा वेगळा, साखळ्या करणारा वेगळा, तबकडी रंगवणारा वेगळा. घराघरांत वाटलेला हा उद्योग होता. तयार माल पाठीवरच्या लाकडी घोडीवर बांधून फेरीवाले पार इंग्लंड, रशिया, तुर्कस्तानपर्यंत पोहोचत.

कुकूच्या जन्माबद्दल मात्र दंतकथाच फार. शोनवाल्डच्या केटेररने तो शोधला असे अजूनही सांगतात. पण सॅक्सनीच्या इलेक्टरकडच्या कुकू घड्याळाचे वर्णन फिलिप हाइनहोफरने १६२९ मध्येच करून ठेवले आहे. ब्लॅक फॉरेस्टचे श्रेय शोधाचे नसून तो पक्षी सामान्य माणसाच्या भिंतीवर आणून बसवण्याचे आहे, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हा घरगुती धंदा अडचणीत आला. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधून साच्यात ठोकून काढलेल्या पितळी पत्र्याच्या भागांची स्वस्त घड्याळे येऊ लागली होती. बाडेनच्या सरकारने १८५० मध्ये फुर्टवांगेनला घड्याळशाळा काढली. तिचे पहिले संचालक रॉबर्ट गेर्विग, म्हणजे पुढे ब्लॅक फॉरेस्टची रेल्वे बांधणारे अभियंते. त्यांनी त्याच वर्षी घड्याळाच्या पेटीसाठी नवे आराखडे मागवले. बाडेनच्या रेल्वे इमारतींचे वास्तुविशारद फ्रीडरिश आयझेनलोर यांनी चौकीदाराच्या घराचा दर्शनी भागच घेतला, त्यावर वेलबुट्टी काढली आणि मधोमध तबकडी बसवली. आयझेनबाखच्या योहान बाप्टिस्ट बेहा यांच्यासारख्या कारागिरांनी काही वर्षांतच तो आराखडा कुकू घड्याळाला दिला. हाडाचे कोरीव काटे आणि पाइनफळाची वजने त्यानंतरची. म्हणजे आज जो आकार जपायचा म्हणून धडपड चालते, तो त्या काळचा अगदी ताजा आराखडा होता. रेल्वे ही तेव्हाची नवलाई होती!

पुढचा टप्पा कारखान्यांचा. श्रामबर्गला १८६१ मध्ये सुरू झालेल्या युंगहान्सने अमेरिकी पद्धत उचलली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जगातला सर्वांत मोठा घड्याळ कारखाना झाला. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या टोल्यांच्या घड्याळांवर दिसणारा आठ टोकांचा तारा त्याचाच. १९७०च्या दशकात बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली आणि या भागातले कारखाने एकामागून एक आडवे झाले. कुकू तगला, पण पर्यटकांच्या आधाराने.

तगला म्हणजे काय, हे पेटीचे मागचे झाकण काढल्यावर कळते. खऱ्या यंत्रात दोन लाकडी शिट्ट्या असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर छोटा भाता. टोल्यांचे चक्र फिरताना त्यावरच्या खिळ्यांनी तारा उचलल्या जातात. आधी एक भाता वर जाऊन पडतो, मग दुसरा. पहिली शिट्टी उंच स्वराची, दुसरी खालच्या, आणि लगेच हातोडी तारेच्या वेटोळ्यावर पडते. भात्याच्या पातळ आवरणाला चीर गेली की आवाज दमेकऱ्यासारखा होतो. आवरण बदलले की पुन्हा स्वच्छ. क्वार्ट्झच्या कुकूत या जागी ध्वनिमुद्रित हाक आणि स्पीकर असतो, नि साखळीची वजने नुसती शोभेला टांगलेली. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून तर नुकसान लवकर लक्षात येत नाही.

ब्लॅक फॉरेस्टच्या घड्याळकारांची संघटना फक्त यांत्रिक आणि मुख्य भाग तिथेच तयार झालेल्या कुकू घड्याळांना प्रमाणपत्र देते. हे योग्यच आहे. घड्याळांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या सॅक्सनीतल्या ग्लासह्युटे गावाच्या नावाला तर २०२२ मध्ये जर्मन सरकारने नियम करून संरक्षण दिले. पण यंत्र कोणते आणि कुठले, एवढेच पाहून भागणार नाही. कोरीव कामात हरणाचे मुंडके आणि पानांची माळ यांचीच पुनरावृत्ती चालू आहे. कारागिराचा हात कसलेला आहे, पण त्याला नवे काही मागितलेच जात नाही. शोनाखच्या रोम्बाख उंड हास या कुटुंबाच्या कार्यशाळेने सपाट, एकरंगी, कोरीव पाने टाकून दिलेल्या पेट्यांत यांत्रिक कुकू बसवला, तेव्हा परंपरा मोडली असे म्हणणारे भेटतात. मला ते काम आयझेनलोरच्या वारशाला अधिक जवळचे वाटते.

काळजी आहे ती रंगवलेल्या तबकडीची. फुर्टवांगेनच्या जर्मन घड्याळ संग्रहालयात तिचे उत्तम नमुने आहेत. त्या संग्रहाची सुरुवातही गेर्विग यांनीच केली. पण पाहणारे येतात ते कुकूसाठी, आणि खरेदीही त्याचीच होते. ट्रिबर्गच्या त्या भिंतींवर चार जागा जरी एका फटकाऱ्यात पाकळी काढणाऱ्या हातांना मिळाल्या, तर ते कसब नव्या माणसाने शिकण्याला काही कारण उरेल.