देवमासा, घोडा आणि 'तीनपट जास्त'

इंग्रजी व्याकरणातला तरतमभावाचा धडा आपल्याकडे एका ठरावीक रीतीने शिकवला जातो. फळ्यावर एक वाक्य लिहायचे आणि त्याचे तीन अवतार करून दाखवायचे: 'ॲज बिग ॲज', 'बिगर दॅन', 'द बिगेस्ट'. परीक्षेत प्रश्नही तसाच येतो. रूपे पाठ होतात, गुण मिळतात. आमची तक्रार रूपांविषयी नाही. रूप बदलले की अर्थ नेमका किती बदलतो हे पाहण्याची सवय या धड्याने लागत नाही, ही खरी तक्रार आहे. विज्ञान वाचताना ही उणीव फार जाणवते.

'नो अदर प्लॅनेट इज ॲज बिग ॲज ज्युपिटर' आणि 'नो अदर प्लॅनेट इज बिगर दॅन ज्युपिटर' ही वाक्ये आपण सर्रास एकच मानतो. पहिल्याप्रमाणे गुरूच्या बरोबरीचा ग्रहच नाही. दुसरे एवढेच सांगते की त्याहून मोठा कोणी नाही. बरोबरीचा एखादा असूही शकेल. आपल्या सूर्यमालेत तसा नाही म्हणून चालून जाते. वर्गातली सर्वांत उंच दोन मुले सारख्याच उंचीची निघाली, तर दुसरे वाक्य खरे आणि पहिले खोटे!

खरा गोंधळ 'टाइम्स'पाशी होतो. एका भांड्यात 10 ग्रॅम मीठ आहे. दुसऱ्यात 'थ्री टाइम्स ॲज मच' म्हटले की 30 ग्रॅम, यात वाद नाही. पण 'थ्री टाइम्स मोअर' म्हटले तर? काटेकोर गणिती म्हणेल, 10 अधिक 30, म्हणजे 40. रूढ इंग्रजीत मात्र अर्थ 30 असाच घेतात, आणि मेरियम-वेबस्टरच्या 1989 च्या वापरकोशाने या रूढीची बाजूही घेतली आहे. रूढीशी भांडायला आम्ही बसलेलो नाही. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे 318 पट आहे. तिथे एका पटीने फारसे बिघडत नाही. द्रावण करताना 30 की 40 याने बिघडते. तेव्हा प्रयोगवहीत 'ॲज मच ॲज'च असावे.

'सिक्स टाइम्स लेस' त्याहून वाईट. एकपट कमी केले की शून्य उरते, मग सहापट कमी म्हणजे काय? चंद्रावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीवरच्या सुमारे एक षष्ठांश आहे, असे सरळ म्हणता येते. (मराठीतही 'सहापट कमी' लिहिले जातेच, दोष एकट्या इंग्रजीचा नाही.) 'हाफ ॲज मच अगेन' हा प्रयोग पाहून विद्यार्थी 20 मिलिलिटरचे 10 करतो. होतात 30. आपला 'दीडपट' हा शब्द फळ्यावर शेजारी लिहिला की काम झाले.

आता देवमाशाकडे वळू. 'अ व्हेल इज नो मोअर अ फिश दॅन अ हॉर्स इज.' जपानमधल्या इंग्रजीच्या वर्गांत हे वाक्य इतके प्रसिद्ध आहे की त्या वाक्यरचनेलाच देवमाशाचे नाव पडले आहे. आपला विद्यार्थी अर्थ लावतो: देवमासा घोड्यापेक्षा जास्त मासा नाही, म्हणजे थोडासा असेल! त्यातून मराठी नावातच 'मासा' बसलेला. इथे 'नो' हा शब्द फरक मोजतो, आणि तो शून्य आहे असे सांगतो. घोड्याचे मासेपण शून्य हे सर्वांना ठाऊक. देवमाशाचे त्याहून शून्याने जास्त. म्हणजे तेही शून्यच. मराठीत हे सहज येते: घोडा जसा मासा नाही, तसा देवमासाही नाही.

हीच किल्ली 'नो मोअर दॅन फाइव्ह'ला लागते. पाचाहून फरक शून्य, म्हणजे पाचच, आणि तेही थोडेच असा सूर. 'नॉट मोअर दॅन फाइव्ह' हा साधा नकार आहे: पाच किंवा कमी. बोलण्यात इंग्रज स्वतःही हा भेद नेहमी पाळत नाहीत. पण प्रयोगाच्या कृतीत आम्लाचे 'नॉट मोअर दॅन फाइव्ह' थेंब लिहिलेले असतील आणि तिसऱ्याच थेंबाला रंग बदलला, तर उरलेले दोन टाकायचे नसतात.