पडणाऱ्यांची नावं

2006च्या आसपासची गोष्ट. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि पोगो लावायची. पडद्यावर कुणीतरी जपानी माणूस तळ्यातल्या दगडांवरून उड्या मारत निघायचा, चौथा की पाचवा दगड नेमका तरंगता निघायचा आणि माणूस गढूळ पाण्यात. वरून जावेद जाफरीचा आवाज. मुलगी हसून लोळायची, मीही. आमच्या मागे खाटेवर आई बसलेली असायची. तिला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं, त्यामुळे तिच्यापुरता हा कार्यक्रम मुका होता. ती कधीच हसली नाही. एकदा एक गडी दगडावर छातीवर आपटला आणि घसरत पाण्यात गेला, तेव्हा ती म्हणाली, “अरे, लागलं असेल त्याला. आणि तू काय हसतोस?”

या वाक्याचं मी पुढे बरीच वर्षं काही केलं नाही. मी कुठल्या विद्यापीठाचा माणूस नाही; नोकरी सांभाळून जे वाचलं तेवढंच भांडवल. पण ‘ताकेशीज कॅसल’वर लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की हातात आलेली सगळ्यात उपयोगी समीक्षापद्धती तीच होती : आवाज बंद करून बघणं. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं केलं की कळतं, भारतात आपण ज्याला ताकेशीज कॅसल म्हणतो त्यात जपानी असं फक्त चित्र आहे.

मूळ कार्यक्रमाचं नाव ‘फूउन! ताकेशी-जो’. ‘फूउन’ म्हणजे शब्दशः वारा आणि ढग. अर्थानं वादळी काळ, ज्यात पराक्रमी माणसं पुढे येतात. ‘जो’ म्हणजे किल्ला. टोकियोच्या टीबीएस वाहिनीवर तो 1986च्या मे महिन्यात सुरू झाला आणि 1990 पर्यंत चालला. योकोहामातल्या मिदोरियामा इथल्या वाहिनीच्या स्टुडिओच्या आवारात किल्ला, खंदक, तळी, डोंगरउतार असं सगळं उभारलं होतं. किल्ल्याचा धनी ताकेशी कितानो आणि त्याच्यावर चालून जाणाऱ्या शंभरेक लोकांच्या फौजेचा सेनापती हायातो तानी. म्हणजे आराखडा ऐतिहासिक युद्धपटाचा, फक्त सैन्य हौशी लोकांचं. शेवटी उरलेले पाचदहा जण पाण्याच्या पिचकाऱ्या बसवलेल्या गाड्यांतून लढत. पुढे पिचकाऱ्या जाऊन प्रकाशकिरणांच्या बंदुका आल्या. जिंकणाऱ्याला दहा लाख येन. जिंकले फार थोडे.

कितानो तेव्हा विनोदी नट म्हणूनच घराघरांत माहीत होता. ज्या कितानोच्या ‘हाना-बी’ला 1997मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला तो हाच, हे आपल्याकडच्या चित्रपटरसिकांना अजून चटकन पटत नाही. डिसेंबर 1986मध्ये एका छायाचित्र-साप्ताहिकाच्या कचेरीवर साथीदारांसह हल्ला केल्याबद्दल त्याला अटक झाली आणि काही महिने तो पडद्यावरून गायब झाला. किल्ल्यात त्याच्या जागी त्याच्या चेहऱ्याचं भलंमोठं कागदी मुंडकं घातलेला माणूस बसवला गेला. कार्यक्रम चालू राहिला! मला हा तपशील फार बोलका वाटतो. धनीसुद्धा मुखवट्यानं भागत होता. त्याच्या दरबारातला एक सल्लागार, सोनोमानमा हिगाशी, पुढे 2007मध्ये मियाझाकी प्रांताचा निवडून आलेला राज्यपाल झाला, हे जाता जाता.

आता खेळांकडे नीट पाहू. तळ्यातले काही दगड पक्के, काही तरंगते. वरून सगळे सारखेच दिसतात. दुसऱ्या एका खेळात ओळीनं भिंती, भिंतीत दारं. काही दारं कागदाची, काही लाकडाची. धावत जाऊन अंग झोकून द्यायचं. कागद असेल तर पार, लाकूड असेल तर कपाळमोक्ष. इथे कौशल्याला किती वाव आहे? जवळजवळ नाही. हे खेळ नशिबाचे आहेत आणि न कचरण्याचे आहेत. म्हणून हरलेल्याला लाज नाही. त्याचं काही चुकलेलं नसतं, त्याला दगड फसवतो. पाण्यातून वर येणारे चेहरे आवाज बंद करून पाहा : बहुतेक जण हसत असतात. आमच्या आईला ते हसू दिसलं नाही, कारण भारतात आपण बघत होतो त्या संकलनात पडणं झालं की लगेच पुढचा माणूस.

सप्टेंबर 1985मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ बाजारात आला आणि साधारण आठ महिन्यांनी हा कार्यक्रम. दोघांचा थेट धागा मी जोडत नाही. पण खड्डे, तरंगत्या फळ्या, गडगडत येणारे गोळे आणि शेवटी किल्ला, ही मांडणी त्या वेळच्या जपानी मुलांना ओळखीची होती एवढं नक्की. फरक एकच : मारिओला आणखी जीव मिळतात.

आणि पाणी. पाणी नसतं तर हा कार्यक्रम झालाच नसता. जमिनीवर पडलेल्या माणसाला बघून आपण उठतो, पाण्यात पडलेल्याला बघून हसतो. 1900मध्ये हास्यावर पुस्तक लिहिणाऱ्या बर्गसाँचं एक म्हणणं असं, की हसू यायला मनातली कणव तेवढ्यापुरती गप्प बसावी लागते. टीव्हीवर ती कणव गप्प बसवण्याचं काम पाणी करतं. पाणी म्हणजे निर्मात्यानं प्रेक्षकाला दिलेली हमी : काही झालेलं नाही, हसा. न. चिं. केळकरांच्या ‘हास्यविनोदमीमांसे’पासून आपल्याकडे विनोदावर पुष्कळ लिहिलं गेलं, पण बहुतेक शब्दांतल्या विनोदावर. अंगाच्या विनोदाला आपण अजून थोडं खालच्या पाटावर बसवतो.

भारतात मात्र दुसरी हमी आवाजानं दिली. जाफरीनं काय केलं? मूळ बोलणं बाजूला सारलं आणि त्या निनावी जपान्यांना आपली नावं दिली, हिंदी सिनेमातल्या नटांचे आवाज दिले, मुंबईच्या रस्त्यावरची भाषा दिली. ब्रिटनमध्ये क्रेग चार्ल्सनं आपल्या निवेदनानं आणि अमेरिकेत 2003पासून ‘एमएक्ससी’ नावाच्या अवतारानं हेच केलं; अमेरिकी अवतारात तर संपूर्ण खोटे संवाद आणि बरेचसे कंबरेखालचे विनोद. त्या मानानं जाफरीचं काम सोज्वळ आणि कितीतरी हुशार आहे. तमाशा पाहिलेल्या माणसाला ते लगेच ओळखू येतं. ही बतावणी आहे. समोरचं कथानक काहीही असो, सोंगाड्या बाजूला उभा राहून त्याला आपल्या गावाचं करून टाकतो. राजा कुठलाही असो, तो आपल्याच आळीतला असल्यासारखा बोलायला लागतो. आमच्या घरातल्या आठ वर्षांच्या पोरीला जपान कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण खंदकात पडणारा हा माणूस आपल्या ओळखीचा आहे असं तिला वाटत होतं.

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयातल्या व्याख्यानात मी या सगळ्याला वंशवाद म्हणून मोकळा झालो होतो. परक्या चेहऱ्यांवर आपला आवाज चिकटवायचा आणि त्यांना हसायचं, दुसरं काय? ते विधान आज मी पूर्ण मागे घेत नाही. चेहऱ्यांवरून, डोळ्यांवरून केलेले विनोद त्यात होतेच आणि ते आज ऐकवत नाहीत. पण ते विधान अपुरं होतं. जाफरीनं नाव हिरावलं नाही. आपल्यापर्यंत पोचलेल्या चित्रात नाव नव्हतंच. त्यानं रिकाम्या जागेत नाव घातलं. नाव दिलं म्हणून जवळीक झाली आणि नाव खोटं होतं म्हणून हसता आलं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि माझी अडचण इथेच आहे.

तुलनेला अमेरिकेचा ‘वाइपआउट’ घ्या. जून 2008मध्ये एबीसीवर सुरू झाला. त्याच वर्षी टीबीएसनं आपल्या कार्यक्रमांची नक्कल केल्याचा दावा ठोकला, जो 2011मध्ये तडजोडीनं मिटला. कोर्टाच्या वादात न शिरता प्रेक्षक म्हणून मला एक फरक दिसतो. वाइपआउटमधले ते प्रचंड लाल चेंडू पार होण्यासाठी नव्हतेच. त्यांच्यावरून पडणं हाच माल. मग तेच पडणं तीन कोनांतून, सावकाश गतीनं, पुन्हा पुन्हा. ताकेशीच्या किल्ल्यात पडणारा माणूस क्षणात नाहीसा होतो; वाइपआउट त्याला हवेत लटकवून ठेवतो. 2020मध्ये या कार्यक्रमाच्या नव्या आवृत्तीत अडथळ्यांची फेरी संपवल्यावर एका स्पर्धकाचा मृत्यू झाला. पाण्याची हमी कागदाच्या दारासारखीच निघाली.

आपल्याकडेही 2011मध्ये ‘जोर का झटका’ नावानं ही आवृत्ती आली. सूत्रसंचालक शाहरुख खान, वाहिनी इमॅजिन, चित्रण थेट अर्जेंटिनात, स्पर्धक टीव्हीवरचे ओळखीचे चेहरे. एवढा खर्च करून पाडलेली माणसं, पण आज किती जणांना आठवतात? माझ्या मते कारण सोपं आहे. त्या चेहऱ्यांना आधीच नावं होती, प्रसिद्धी होती. सोंगाड्याला शिरायला जागाच नव्हती.

याच टीबीएसनं 1997च्या सप्टेंबरात ‘सासुके’ सुरू केला, जगाला ‘निन्जा वॉरियर’ म्हणून माहीत असलेला. लवकरच तोही मिदोरियामाच्याच आवारात आला. पुन्हा शंभर माणसं, पुन्हा खाली पाणी, पाण्यात पडला की बाद. पण पडद्यावर आता प्रत्येकाचं नाव आणि व्यवसाय. 1999मध्ये चारही टप्पे पार करणारा पहिला माणूस, काझुहिको आकियामा, खेकडे धरणारा कोळी. 2006मध्ये दुसरा, माकोतो नागानो, मासेमारी बोटीचा कप्तान. त्यानंतरचा, युजी उरुशिहारा, बुटांचा विक्रेता. इथे दगड फसवत नाही. बोटं सुटली तर ती तुमची बोटं. म्हणून सासुकेत पडणारा हसत वर येत नाही. काठाला हात टेकून खाली मान घालून बसतो, आणि कॅमेरा थांबतो. त्याच पाण्याचा अर्थ बदलला.

या बदलाचं सोपं स्पष्टीकरण हाताशी आहे. जपानी शेअर बाजाराचा निर्देशांक 1989च्या अखेरीस शिखरावर होता, 1990मध्ये कोसळला आणि त्याच वर्षी किल्लाही बंद झाला. 1997च्या नोव्हेंबरात यामाइची सिक्युरिटीज बुडाली, दोनच महिने आधी सासुके आला. भरभराटीत माणसं नशिबावर हसत उड्या मारतात, मंदीत घाम गाळतात, असं वाक्य लिहायला हात शिवशिवतो. मी ते कच्च्या खर्ड्यात लिहिलंही होतं आणि खोडलं. चार वर्षं चाललेला कुठलाही कार्यक्रम बंद पडायला बाजार कोसळावाच लागतो असं नाही. प्रेक्षक कंटाळतात, तेवढं पुरतं.

खात्रीनं म्हणता येतं ते इतकंच, की गमतीतून शर्यत आणि शर्यतीतून क्रीडा असा प्रवास झाला. आधुनिक पेंटॅथलॉनमधली घोडेस्वारी जाऊन 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत येते आहे. आपल्याकडे 2022मध्ये राज्य सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, तो काहीसा याच जातीचा प्रवास. फक्त आपल्या गोविंदांच्या बाबतीत पाणी वरून पडतं आणि खाली डांबरी रस्ता असतो.

मुलगी पुढे पुण्यात जपानी शिकली. 2023मध्ये किल्ला नव्यानं बांधून प्राइम व्हिडिओवर आला, हिंदीत भुवन बामच्या आवाजात. दिवाळीला ती घरी आली होती, तेव्हा आम्ही दोघांनी तो मूळ जपानीत लावला. ती भराभर अर्थ सांगत होती, मी टिपत होतो. तिसऱ्या-चौथ्या माणसाला ती म्हणाली, “बाबा, हिंदी लावूया का? असं मजा नाही येत.” लावलं. हसलो. आईची खाट अजून त्याच भिंतीला आहे. आता तिच्यावर माझी कात्रणं असतात.