शंभर किलोमीटरच्या दाव्याची पारख

विजेच्या सायकलींच्या जाहिरातींत एक आकडा ठळक छापलेला दिसतो : 'एका चार्जिंगमध्ये १०० किलोमीटर'. शाळेपासून दहा-बारा किलोमीटरवर राहणारा शिक्षक किंवा वाडीवरच्या विद्यार्थिनीचे पालक हा आकडा पाहूनच पैसे मोजतात. आकडा खोटा आहे, असे आमचे म्हणणे नाही. तो अपुरा आहे आणि खडबडीत रस्त्यावर हा अपुरेपणा महागात पडतो, हा आमचा आक्षेप आहे. तो तपासून पाहायला शालेय पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी घेऊ. तिच्यात ३६० वॅट-तास ऊर्जा मावते. स्वार, सायकल व दप्तर मिळून १०० किलोग्रॅम आणि वेग ताशी २० किलोमीटर मानू. ताठ बसलेल्या स्वाराला या वेगाने हवेचा रोध सुमारे ११ न्यूटन होतो. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाकांना होणारा रोध वजनाच्या ०.६ टक्के, म्हणजे ६ न्यूटन धरू. एकूण १७ न्यूटन. म्हणजे दर किलोमीटरला १७,००० ज्यूल, अर्थात ४.७ वॅट-तास. मोटरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर बॅटरीतून ६.३ वॅट-तास जातात. भागाकार केला की ५७ किलोमीटर येतात. निम्मे काम स्वाराच्या पायांनी केले तर ११४. जाहिरातीतले शंभर इथे सापडतात : सपाट डांबर, पडलेला वारा आणि सतत पॅडल मारणारा स्वार.

तीच सायकल खडीच्या रस्त्यावर नेऊ. चाकांचा रोध वजनाच्या २ टक्के, म्हणजे २० न्यूटन मानला, तर एकूण रोध ३१ न्यूटन होतो आणि पॅडल न मारता पल्ला ३१ किलोमीटरवर येतो. वाटेत १०० मीटर उंचीची चढण असेल, तर तिच्यासाठी आणखी ३६ वॅट-तास, म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्सा लागतो. ताशी १० किलोमीटरचा समोरचा वारा हवेचा रोध सव्वादोन पट करतो.

यावर विक्रेत्यांचे उत्तर ठरलेले असते : मोठी बॅटरी घ्या. वजनाच्या दृष्टीने ते चूक नाही. लिथियमची बॅटरी दुप्पट केली तरी वजन दोन-तीन किलोच वाढते. पण किंमतही वाढते आणि वाया जाणारी ऊर्जा वाया जातच राहते.

ती जाते कुठे? प्रत्येक खड्ड्यात सायकल आणि स्वार वर उचलले जातात, हादरतात. पुढे जाण्याची ऊर्जा या हादऱ्यांत खर्ची पडते आणि शेवटी स्वाराच्या अंगात व सामानात उष्णता बनून विरते. म्हणजे स्वाराची पाठ दुखणे आणि बॅटरी लवकर उतरणे ही एकाच कारणाची दोन फळे आहेत. बेलफास्टच्या डनलॉप यांनी १८८८ साली हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. हा टायर गादीसारखा आरामदायी होताच, पण चाकही त्यामुळे अधिक हलके धावू लागले. आराम ही चैन आणि कार्यक्षमता ही गरज, अशी फारकत आजही केली जाते. खडबडीत रस्त्यापुरती तरी ती चुकीची आहे.

त्यामुळे अरुंद, टणक टायर लावून वर मोठी बॅटरी बसवणे आम्हांला उफराटे वाटते. आधी रुंद टायर, त्यात बेताची हवा आणि स्प्रिंगची खोगीर. मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात असेल, तर तिचे वजन चाकाबरोबर आदळते आणि संथ चढणीवर ती तापते. पॅडलपाशी बसवलेली मोटर गिअरचा फायदा घेते. मात्र ती महाग असते आणि साखळी लवकर झिजवते. शक्तीचा हव्यास तर नकोच. वरच्या खडीच्या उदाहरणात चाकापाशी १७२ वॅट पुरतात. आपल्याकडे २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची सायकल मोटार वाहनात मोडत नाही. ही मर्यादा जाचक नाही.

आपली जुनी काळी सायकल या कामी बरीच योग्य आहे : लांब सांगाडा, मोठी चाके, स्प्रिंगची खोगीर. पण तिला मोटर जोडून देणारे ब्रेकचा विचार करत नाहीत, ही गंभीर गोष्ट आहे. ताशी १५ ऐवजी २५ किलोमीटर वेग झाला, की गतिज ऊर्जा जवळजवळ तिप्पट होते. पावसात भिजलेल्या लोखंडी रिमवर दांड्यांच्या ब्रेकने ती आवरणे कठीण. ब्रेक बदलल्याशिवाय मोटर बसवू नये.

हा हिशेब वर्गाबाहेरही करता येईल. सायकलवर विद्यार्थी बसवून ती ताणकाट्याने सपाट जागेवर सावकाश, एकसारखी ओढा; आधी डांबरावर, मग मातीच्या रस्त्यावर. टायरमधील हवा कमी-जास्त करून पुन्हा ओढा. काट्यावर चाकांचा रोध थेट वाचता येतो. वेगात बसणारे हादरे त्यात येत नाहीत, हे मुलांना जरूर सांगावे. मग त्यांना जाहिरातीचे कात्रण द्यावे आणि त्या आकड्याखाली कोणकोणत्या अटी छापायला हव्या होत्या, ते लिहून काढायला सांगावे.