हेडसेटमधला वर्ग आणि झेडपीचा वर्ग

‘व्हीआर प्रशिक्षणाने एडीएचडी असलेल्या मुलांचं लक्ष सुधारलं’ असं पेपरात वाचलं की मी आधी एकच शोधते: सुधारणा मोजली कुठे?

2000च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट रिझो यांच्या गटाने आभासी वर्ग तयार केला. मूल फळ्यावरची अक्षरं बघतं, मध्येच कागदी विमान उडतं, खिडकीबाहेर गाडी जाते. लक्ष मोजायला कल्पना छानच. पण सरावही तिथेच आणि परीक्षाही तिथेच घेतली, तर मूल तो खेळ शिकलं एवढंच कळतं.

2020चं उदाहरण बघा. ‘एंडेव्हरआरएक्स’ हा व्हीआर नाही, टॅबलेटवरचा खेळ. पण प्रश्न तोच. चाचणीत 8 ते 12 वयाची 348 मुलं होती. संगणकावरच्या लक्षाच्या चाचणीत हा खेळ खेळणारी मुलं पुढे गेली. पालकांच्या माहितीवरून मोजलेल्या लक्षणांत मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले! तुलना-गट नसता, तर सगळं श्रेय खेळालाच गेलं असतं.

ऑटिझमचंही तेच. हेडसेटमधल्या पात्राशी बोलणं जमलं. किराणा दुकानात जमलं का?

कळंब-भूमकडचा एखादा पालक रोजंदारी बुडवून मुलाला धाराशिवला आणणार असेल, तर त्याला उत्तर याचंच हवं. दोन इयत्ता एका खोलीत बसतात, तिथे मूल स्वाध्याय पूर्ण करतं का?

म्हणून प्रस्तावात तीन गोष्टी लिहाच: तुलना-गट, मूल कोणत्या गटात आहे हे माहीत नसलेल्या शिक्षकाची नोंद, आणि प्रशिक्षण संपल्यावर काही महिन्यांनी पुन्हा मोजणी.