‘अभिव्यक्ती’ या संज्ञेविषयी
जनुकाच्या कार्यास ‘अभिव्यक्ती’ म्हणण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. भाषाभ्यासकास ही संज्ञा आपलीशी वाटावी. परंतु नेमकी येथेच सावधगिरी हवी. विनायट्रीकरण करणाऱ्या जीवाणूंतील ‘नॉस-झेड’ हे जनुक नायट्रस ऑक्साइडचे निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर करणाऱ्या ताम्रयुक्त विकराचा आराखडा पुरविते. आम्लधर्मी मृदेत या जनुकाची आरएनए-प्रत निघते, पण कार्यक्षम विकर पुष्कळदा सिद्ध होत नाही; आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापविणारा तो वायू वातावरणात निसटतो. उच्चार झाला, अर्थ पोचला नाही, असाच हा प्रकार. सबब जनुकाचे अस्तित्व, त्याचे प्रतिलेखन व विकराची क्रिया या तिहींस एकच शब्द योजणे म्हणजे उत्सर्जनाच्या कारणाविषयीच वाचकाची दिशाभूल करणे होय.